पावडर आणि ग्रूम केलेले उतार, दोन्हींसाठी एकच रुंद स्की: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की नागपूर आणि आसपासच्या मंडळींकडून स्कीविषयी विचारणा सुरू होते. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काश्मीरमधल्या गुलमर्गला किंवा उत्तराखंडमधल्या औलीला एकदोन हिवाळे भाड्याच्या स्कीवर काढलेले असतात, वळणे जमू लागलेली असतात आणि आता स्वतःची जोडी घ्यायची असते. जोडी एकच घ्यायची असल्यामुळे ती ताज्या भुसभुशीत बर्फातही (पावडर) चालावी आणि यंत्राने दाबून सारख्या केलेल्या (ग्रूम केलेल्या) उतारावरही, अशी अपेक्षा असते. तेच प्रश्न सोप्यापासून अवघडापर्यंत खाली लावले आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "रुंद स्की" म्हणजे किती रुंद? आणि ती मोजतात कुठे?

स्कीची रुंदी तिच्या कमरेत मोजतात. बुटाखाली येणारा सर्वांत अरुंद भाग म्हणजे कंबर, आणि तिचे माप मिलिमीटरमध्ये सांगतात. स्कीवर १३२-१००-१२२ असे तीन आकडे छापलेले दिसतात. ते अनुक्रमे टोक, कंबर आणि शेपूट यांचे असतात. ढोबळमानाने ८० पर्यंतची कंबर दाबलेल्या उतारांसाठी, ८० ते ९५ ची मिश्र वापरासाठी, ९५ ते १०८ ची पावडरकडे झुकलेल्या मिश्र वापरासाठी आणि ११० च्या पुढची मुख्यतः खोल पावडरसाठी समजली जाते. या सीमारेषा कोणी आखून दिलेल्या नाहीत, त्यामुळे एकदोन मिलिमीटरवरून मनाची घालमेल करून घेऊ नये.

२. रुंद स्की पावडरमध्ये तरंगते, हे खरे आहे का?

खरे आहे; मात्र रुंदी हे त्याचे एकमेव कारण नाही. ढोबळ हिशेब करून पाहू. १७२ सेंटिमीटर लांब आणि ८० च्या कमरेची स्की सरासरी ९८ मिलिमीटर रुंद धरली, तर तिचा तळ सुमारे १,६९० चौरस सेंटिमीटर भरतो. १८० सेंटिमीटर लांब आणि १०० च्या कमरेची स्की सरासरी ११५ मिलिमीटर रुंद धरली, तर तोच तळ सुमारे २,०७० होतो. तुमचे वजन तेवढेच राहते, पण ते पेलणारे क्षेत्र पाचव्या हिश्शाहून अधिक वाढते आणि स्की कमी बुडते.

दुसरे कारण म्हणजे टोकाचा आकार. टोक आधीपासूनच वर उचललेले असेल, तर स्की बर्फात घुसण्याऐवजी बर्फावर चढते. शेन मॅकॉन्की या स्कीपटूने हे तत्त्व टोकाला नेले. पाण्यावरच्या स्कीवरून सुचलेली, केळीसारखी उलटी वाकलेली स्पॅच्युला ही स्की व्होलांट कंपनीने २००२ मध्ये बाजारात आणली. दाबलेल्या कठीण उतारावर ती हाताळणे फार अवघड होते. पण आज आपण जिला सर्वगुणी रुंद स्की म्हणतो, तिच्या उचललेल्या टोकाचे मूळ तिथेच आहे. (अशा उचललेल्या टोकाला रॉकर म्हणतात; त्याविषयी प्रश्न ५ पाहावा.)

३. मग ग्रूम केलेल्या उतारावर तीच रुंद स्की जड का जाते?

कठीण बर्फावर शरीराचा भार स्कीच्या संपूर्ण तळावर पडत नाही, तो धातूच्या एका कडेवर पेलावा लागतो. ८० च्या कमरेत ती कड तळपायाच्या मध्यरेषेपासून ४० मिलिमीटरवर असते आणि १०० च्या कमरेत ५० मिलिमीटरवर. तरफेची भुजा सव्वापट झाली की स्की कलती ठेवण्यासाठी घोट्याला आणि गुडघ्याला तितकेच अधिक बळ लावावे लागते. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर येण्याचे अंतर वाढते, म्हणून छोटी वळणे सावकाश होतात.

हे मी अंगावर अनुभवले आहे. माझी पहिली जोडी ११२ च्या कमरेची होती. गुलमर्गला पोचलो तेव्हा आठवडाभर नवा बर्फ पडला नव्हता आणि सकाळचे उतार फरशीसारखे कडक झाले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला अशी कळ लागली, की उरलेले दोन दिवस मला खालच्या सौम्य उतारांवर काढावे लागले. स्की उत्तम होती. ती त्या दिवसांसाठी नव्हती.

४. नागपूरहून वर्षातून आठदहा दिवस जाणाऱ्याने कमरेचा कोणता आकडा धरावा?

सरासरी बांध्याच्या, मध्यम जमलेल्या व्यक्तीसाठी माझे उत्तर ९६ ते १०२ असे आहे, आणि त्यामागची कारणे नीट समजून घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपण रजा आणि तिकिटे दोन-तीन महिने आधी ठरवतो. बर्फ मात्र पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा, येईल तेव्हा पडतो. २१ डिसेंबरपासून सुरू होणारी चाळीस दिवसांची "चिल्लई कलां" ही काश्मीरमधील ऐन थंडी असली, तरी त्या काळात बर्फ पडेलच अशी हमी नसते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार महिन्याच्या अखेरीपर्यंत जवळपास उघडे होते. श्रीनगरमध्ये राहणारा माणूस बर्फ पाहून निघू शकतो. आपल्याला मिळालेल्या तारखांनाच जावे लागते.

दुसरी गोष्ट गुलमर्गच्या गोंडोलाची, म्हणजे केबल कारची. पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. जवळपास चार हजार मीटरवर अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत नेणारा हा दुसरा टप्पा जोरदार वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असला की बंद ठेवतात. म्हणजे भरपूर बर्फ पडल्यानंतरचा पहिला दिवस अनेकदा खालच्या उतारांवर आणि पहिल्या टप्प्यावरच जातो. आठ दिवसांच्या मुक्कामात गुडघाभर पावडरचे दोन दिवस लाभले तरी मी त्याला चांगली सहल म्हणतो. बाकीचे दिवस दाबलेला, तुडवलेला किंवा उन्हाने पिकलेला बर्फ असतो.

म्हणून मनातल्या त्या एका दिवसासाठी स्की घेऊ नये. १०० च्या आसपासची कंबर पावडरच्या दिवशी ११२ इतकी मोकळी वाटणार नाही, पण ती बुडवणारही नाही. आणि उरलेले सहा दिवस गुडघे शाबूत ठेवील. वजन फार कमी किंवा फार जास्त असेल, तर हा आकडा बदलतो; त्यासाठी प्रश्न ७ पाहावा.

५. रॉकर आणि कॅम्बर म्हणजे काय? दुकानात ते कसे ओळखावे?

स्की जमिनीवर मोकळी ठेवल्यावर तिचा मधला भाग कमानीसारखा वर राहतो, तो कॅम्बर. टोक किंवा शेपूट लवकर वर उचलले जाते, तो रॉकर. कॅम्बरमुळे दाबलेल्या उतारावर कडेची पूर्ण लांबी बर्फाला भिडते आणि पकड मिळते. रॉकरमुळे टोक पावडरवर चढते आणि वळण सुरू करणे सोपे जाते.

ओळखण्यासाठी दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धराव्यात. मध्यभागी फट दिसली, तर तिथे कॅम्बर आहे. आता एका हाताने कमरेजवळ दाबून ती फट मिटवावी आणि टोकाकडे पाहावे: दोन्ही तळ टोकाच्या किती आधीपासून एकमेकांपासून दूर होऊ लागतात? त्या जागी कागदाची पट्टी सरकवून ती अडकते तिथे बोट ठेवावे. तिथपासून टोकापर्यंतची लांबी म्हणजे रॉकर. आपल्या कामासाठी टोकाला ठळक रॉकर, पायाखाली स्पष्ट कॅम्बर आणि शेपटीला किंचित रॉकर, असा घाट मी सुचवतो. संपूर्ण तळच केळीसारखा वाकलेला असेल, तर ती जोडी घेऊ नये.

६. लांबी हनुवटीपर्यंत घ्यावी की डोक्यापर्यंत?

शिकताना भाड्याच्या दुकानात हनुवटीपर्यंतची स्की देतात आणि ते योग्यच असते. परंतु रॉकर असलेल्या स्कीची सगळी लांबी कठीण बर्फाला टेकत नाही; १८० सेंटिमीटरची स्की दाबलेल्या उतारावर बरीच आखूड वाटते. त्यामुळे वळणे जमू लागलेल्या व्यक्तीने डोक्याच्या उंचीइतकी किंवा तिच्याहून थोडी जास्त लांबी घ्यावी. उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो असेल, तर १७२ ते १७८ या दरम्यानची जोडी साधारणपणे बरोबर बसते. दोन लांब्यांमध्ये अडकलात आणि मुख्यतः झाडांमधून किंवा सावकाश उतरणार असाल, तर आखूड घ्यावी. वेग आवडत असेल, तर लांब घ्यावी.

७. माझे वजन ५२ किलो आहे. १०० ची कंबर मलाही लागू होते का?

होत नाही. तरंगणे हे वजनावर अवलंबून असल्यामुळे ५०–५५ किलोच्या व्यक्तीला ९० ते ९५ च्या कमरेतच तेवढा आधार मिळतो आणि कड पालटायला कष्टही कमी पडतात. उलट, ९५ किलोच्या माणसाने १०२ ते १०८ पर्यंत जायला हरकत नाही. स्त्रियांसाठी म्हणून विकली जाणारी स्की अनेकदा तीच बांधणी अधिक हलकी आणि आखूड करून आणलेली असते, तर काही वेळा फक्त रंग बदललेले असतात. तेव्हा लेबल न पाहता मापे आणि लवचिकता पाहावी.

८. टायटॅनल असलेली स्की महाग असते. ती खरोखर लागते का?

टायटॅनल हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. लाकडी गाभ्याच्या वर-खाली त्याचे पातळ पत्रे घातले की कडक बर्फावर स्कीची थरथर कमी होते. त्याबदल्यात वजन आणि ताठरपणा वाढतो, आणि ताठर स्की वाकवायला वेग व ताकद लागते. वर्षातून आठदहा दिवस स्की करणाऱ्याने टोकापासून शेपटीपर्यंत धातूचे दोन पत्रे असलेली स्की टाळावी. फक्त पायाखाली धातूचा तुकडा असलेली बांधणी पुरेशी पकड देते.

९. वळणाची त्रिज्या किती असावी?

स्की नुसती कलती केली की ती ज्या वर्तुळात आपोआप वळते, त्याची ही त्रिज्या. ती १६ ते १९ मीटर असावी. त्याहून कमी त्रिज्येची स्की पावडरमध्ये मनाविरुद्ध वळू पाहते आणि त्याहून जास्त त्रिज्येची स्की आपल्याकडच्या लहान ग्रूम केलेल्या उतारांवर वळायला जागा मागते.

१०. नावातला आकडा म्हणजेच कंबर का? काही मॉडेले सांगाल का?

बहुधा तसेच असते. सालोमोन क्यूएसटी ९८, नॉर्डिका एन्फोर्सर १००, ॲटॉमिक बेंट १०० आणि के-टू माइंडबेंडर ९९ यांची नावे कमरेवरून पडली आहेत. ब्लिझार्ड रसलर १० हा अपवाद आहे. त्यातला दहा हा कमरेचा आकडा नाही. आणखी एक बारकावा असा, की अनेक कंपन्या लांबीनुसार कंबर थोडी बदलतात, त्यामुळे आखूड मापात तेच मॉडेल काही मिलिमीटरने अरुंद निघू शकते. खरेदी करताना त्याच लांबीच्या स्कीवर छापलेले आकडे वाचावेत.

या मॉडेलांचे स्वभाव मात्र वेगवेगळे आहेत. एन्फोर्सर धातूची आणि वजनदार आहे, ती कठीण बर्फावर शांत राहते; बेंट हलकी आणि खेळकर आहे, ती मऊ बर्फात जास्त रमते. क्यूएसटी ९८ या दोहोंच्या मधे येते आणि पहिल्या जोडीसाठी मी बहुतेकांना त्याच प्रकारच्या बांधणीकडे वळवतो.

११. बाइंडिंग कोणतेही चालते का?

चालत नाही. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड; स्की सुटली की तिला थांबवणारा ब्रेकही त्यालाच असतो. या ब्रेकची रुंदी कमरेएवढी किंवा तिच्याहून साधारण १० ते १५ मिलिमीटरपर्यंत जास्त असावी. ब्रेक अरुंद असेल, तर तो स्कीच्या कडेवर अडकतो, आणि स्की सुटली की थांबत नाही. भाड्याच्या एका दुकानात मला १०४ च्या स्कीवर ९० चे ब्रेक वाकवून बसवलेले मिळाले होते. पहिल्याच पडण्यात ती स्की एकटीच उतारावरून दूरवर घसरत गेली. खाली मुले शिकत होती. कोणाला लागले नाही हे नशीब.

दुसरी गोष्ट बुटाच्या तळव्याची. नेहमीचा अल्पाइन तळवा, चालायला सोपा ग्रिपवॉक तळवा आणि टूरिंगचा (स्कीवर डोंगर चढून जाण्याचा) तळवा यांची मानके वेगळी आहेत. बाइंडिंगवर ज्या तळव्याचा उल्लेख आहे, तोच तळवा वापरावा; अन्यथा पडल्यावर बूट वेळेवर सुटत नाही.

१२. नागपुरात बाइंडिंग बसवून घेता येईल का? ओळखीचा फर्निचरवाला आहे.

कृपया तसे करू नये. भोके कुठे पाडायची हे तुमच्या बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून ठरते आणि त्यासाठी त्या त्या बाइंडिंगचा साचा लागतो. ड्रिलचा बिटही खास असतो: साध्या गाभ्यासाठी ३.६ मिलिमीटर, धातूचा पत्रा असलेल्या स्कीसाठी ४.१ मिलिमीटर, आणि खोली ९ मिलिमीटर. बिट दोन मिलिमीटर जास्त आत गेला तर तळाला फोड येतो, आणि चुकलेले भोक पुन्हा जवळच पाडता येत नाही. सुतारकामातला कितीही कसबी हात असला, तरी हे काम त्याच्याकडून करवून घेण्याजोगे नाही.

बूट आधी घ्यावेत आणि त्यांच्यासह स्की व बाइंडिंग एकाच ठिकाणी बसवून, सुटण्याचा ताण तपासून घ्यावा. तो ताण वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतो. मित्राच्या बाइंडिंगवरचा आकडा पाहून स्वतःचा लावू नये.

१३. पैसे मर्यादित आहेत. आधी बूट घ्यावेत की स्की?

बूट. यावर मी कधीच तडजोड सुचवत नाही. रुंद स्की कलती करण्यासाठी लागणारे सगळे बळ बुटातूनच जाते; टाच आत उचलली जात असेल, तर १०० ची कंबर १२० सारखी जड वाटते. बूट स्वतःचे आणि स्की भाड्याची, असा एक हिवाळा काढावा. त्यात ९० च्या, १०० च्या आणि त्याहून रुंद अशा वेगवेगळ्या स्की एकेक दिवस चालवून पाहता येतात.

१४. जुनी जोडी स्वस्तात मिळते आहे. काय तपासावे?

कडांवरून नख फिरवून गंज आणि चिरा पाहाव्यात. तळावर गाभा दिसेपर्यंत गेलेली खोक असेल, तर सोडून द्यावी. टोकाजवळ थर सुटले आहेत का, ते दाबून पाहावे. बाइंडिंगच्या जुन्या भोकांचे किती संच आहेत ते मोजावे. एकापेक्षा जास्त असतील, तर तुमच्या बुटासाठी जागा उरेलच असे नाही. बाइंडिंग फार जुने असेल, तर स्की चांगली असूनही ते बदलण्याचा खर्च धरून भाव करावा.

१५. रुंद स्की घेतली म्हणजे गुलमर्गच्या दुसऱ्या टप्प्यावर जाता येईल ना?

या प्रश्नाचे उत्तर मी प्रत्येक वेळी सविस्तर देतो, कारण चूक झाली तर ती सुधारता येत नाही. दुसऱ्या टप्प्यावरचे बहुतेक उतार ग्रूम केलेले नाहीत. बर्फाचा सलग थर तुटून कोसळणारी हिमस्खलने मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि पावडरसाठी लोकांना आवडणारे उतार नेमके त्याच कोनाचे असतात. रुंद स्कीमुळे तिथे उतरणे सोपे होते, धोका कमी होत नाही.

ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे ही तिन्ही साधने प्रत्येकाजवळ हवीत आणि ती वापरण्याचा सराव आधी झालेला हवा. त्या दिवशीची हिमस्खलनाची सूचना वाचावी, स्थानिक जाणत्या मार्गदर्शकाबरोबर जावे आणि उतारावर एका वेळी एकानेच उतरावे. ग्रूम केलेल्या उतारावर दोन्ही बाजूंना ताबा ठेवून थांबता येत नसेल, तर दुसरा टप्पा पुढच्या वर्षीसाठी ठेवावा.

१६. आम्ही फक्त औलीला जातो. तरीही १००?

नाही. औलीचा मुख्य उतार दाबलेला आणि सलग आहे, तिथे ८२ ते ९० ची कंबर जास्त आनंद देईल. पुढे गुलमर्गचा विचार असेल, तर ९५ वर थांबावे.

१७. उन्हाने पिकलेल्या, ओल्या किंवा वरून कवच धरलेल्या बर्फात ही स्की कशी चालते?

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चमध्ये हीच स्थिती जास्त भेटते. दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. कवच वजन पेलत असेल, तर तो कठीण उतारच समजावा आणि कडा धारदार ठेवाव्यात. तळाकडून १ अंश आणि बाजूने २ अंश ही धार या वापराला योग्य आहे. कवच फुटून पाय आत जात असेल, तर कोणतीही स्की सोपी नसते, मात्र उचललेले टोक आणि थोडे वजन असलेली स्की त्यातून मार्ग काढते. अतिशय हलकी स्की इथे इकडेतिकडे फेकली जाते, म्हणून केवळ वजन कमी आहे एवढ्यावरून निवड करू नये. गुलमर्गहून बाबा रेशी किंवा द्रंग या गावांच्या बाजूला झाडांमधून उतरताना शेपटीचा किंचित रॉकर कामी येतो, कारण अडचणीच्या जागी स्की आडवी सरकवता येते.

१८. नागपूरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात स्की ठेवावी कशी?

माळ्यावर ठेवू नये. टिनाच्या छताखालचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो. कूलरच्या खोलीतही ठेवू नये. वाळ्याच्या ओल्या हवेने कडांवर आठवडाभरात तांबूस ठिपके येतात, हे मी स्वतःच्या जोडीवर पाहिले आहे. आतल्या, सावलीच्या, कोरड्या खोलीत, पलंगाखाली किंवा कपाटामागे जोडी आडवी ठेवावी आणि दोन स्कींना आवळून बांधणारा पट्टा सैल करावा, म्हणजे कॅम्बरवर सतत दाब राहत नाही.

ठेवण्यापूर्वी तळ पुसून त्यावर मेणाचा जाड थर द्यावा, तो कडांवरूनही ओघळू द्यावा आणि खरवडू नये. त्यासाठी घरची जुनी इस्त्री चालते, मात्र नंतर ती कपड्यांना वापरू नये. इस्त्रीवर मेण लावताच धूर निघाला, तर ती जास्त तापली आहे असे समजावे, आणि तळावर ती एका जागी क्षणभरही थांबू देऊ नये. डिसेंबरमध्ये निघण्याच्या आदल्या आठवड्यात हा थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढावा, कडांवरून बोट फिरवून गंज पाहावा आणि ब्रेक मोकळे उघडतात याची खात्री करून मगच जोडी पिशवीत भरावी.